चकी चीजला वाढदिवस ठरवलाय? मग एवढी तयारी आधी करून ठेवा

लेकीने सहाव्या वाढदिवसाला चकी चीजच (म्हणजे चक ई. चीज, चकी नावाचा उंदीर हे चिन्ह असलेलं, पिझ्झा आणि खेळांच्या यंत्रांचं मुलांचं हॉटेल) हवं म्हणून सांगितलं, तेव्हा आईला साताऱ्याहून इथे न्यू जर्सीत येऊन तीनच आठवडे झाले होते. "उंदराच्या हॉटेलात वाढदिवस?" एवढंच ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "असू दे, गणपतीचं वाहन आहे." तेव्हापासून पार्टीच्या दिवसापर्यंत जे जे करावं लागलं, आणि जे राहून गेल्याची नंतर हळहळ वाटली, ते इथे क्रमाने लिहिते. इथल्या मराठी घरांत शनिवार-रविवारी कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. त्यात बहुतेक वेळा भारतातून आलेली एखादी आजी असते, एक दीड-दोन वर्षांचं शेंडेफळ असतं आणि मोठ्या आवाजाला घाबरणारं एक तरी मूल असतं. ज्याचा वाढदिवस, तो तिथे कसाही रमतो. तयारी खरी करायची ती या तिघांसाठी.

आधी ती जागा कशी चालते ते थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं पटेल. अटारी ही व्हिडिओ गेमची कंपनी सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक नोलन बुशनेल. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला १७ मे १९७७ रोजी त्यांनी 'पिझ्झा टाइम थिएटर' उघडलं, तीच आजच्या चक ई. चीजची पहिली शाखा. तोवर नाणं टाकून खेळायची यंत्रं बहुतेक बारमध्ये आणि बोलिंगच्या ठिकाणी असायची, लहान मुलांना घेऊन जावं अशी ती जागाच नव्हती. बुशनेलनी पिझ्झा निवडला, कारण तो भाजून यायला वेळ लागतो. त्या वेळात मुलं यंत्रांपाशी जातात आणि खिशातली नाणी संपवतात. म्हणजे वाट पाहण्याचा वेळ हाच या धंद्याचा पाया. आजही तिथलं सगळं वेळेभोवतीच फिरतं: टेबल ठरावीक वेळेसाठी मिळतं, खेळ मिनिटांवर विकत घ्यायचे असतात, आणि पिझ्झा सांगितल्यापासून टेबलावर येईपर्यंतचा वेळ मधे जातोच. तुमचे दीड-दोन तास कसे जाणार हे घरीच ठरवून गेलात, तर तिथे धावपळ होत नाही.

महिनाभर आधी करायचं काम म्हणजे बुकिंग, आणि त्यातही वेळ निवडणं. शनिवार-रविवारची दुपार सगळ्यांना सोयीची, म्हणून तेव्हाच सर्वांत जास्त गर्दी. आम्ही सकाळी उघडल्याबरोबरची वेळ घेतली. यंत्रांपुढे रांगा नव्हत्या, आणि लहानगे ताजेतवाने होते. दुपारच्या झोपेची वेळ ज्यांची आहे त्यांच्या आयांनी मला नंतर फोन करून बरं झालं म्हणून सांगितलं. पॅकेज मुलांच्या संख्येवर असतं. त्यात दर मुलामागे किती पिझ्झा, किती वेळ खेळ, मोठ्यांचं खाणं धरलंय की वेगळं सांगायचं, हे बुकिंग करतानाच स्पष्ट विचारून घ्या. मोठ्यांसाठी जास्तीचे पिझ्झे आधीच सांगून ठेवलेले बरे. आपल्याकडे आमंत्रण एका मुलाला दिलं तरी येतं अख्खं घर, आणि यायलाच हवं. तेव्हा मोजणी करताना निमंत्रित मुलं, त्यांची भावंडं आणि मोठी माणसं असे तीन आकडे वेगळे लिहा. भावंडांच्या आईला आपणहोऊन सांगा की धाकट्याचंही खेळाचं कार्ड (यंत्रांना लावून खेळायचं ते) आम्ही घेतोय. ती संकोचाने विचारणार नाही आणि ऐनवेळी काउंटरवर पर्स उघडून उभी राहील. उत्तराची वाट बघत बसू नका, आठवडाभर आधी एकेकाला फोन करा. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे येतोय की फक्त वाचलं, हे कळत नाही.

तुमच्या किंवा पाहुण्यांपैकी कुणाच्या मुलाला ऑटिझम असेल, किंवा आवाज-दिवे सहन होत नसतील, तर एक गोष्ट मुद्दाम माहीत करून घ्या. अनेक शाखा महिन्याच्या पहिल्या रविवारी नेहमीच्या वेळेआधी दोन तास उघडतात, खास अशा मुलांसाठी. दिवे मंद, आवाज कमी, गर्दी थोडी. तुमच्या जवळची शाखा त्यात आहे का ते फोन करून विचारा. पार्टी त्या दिवशी नसली तरी त्या शांत सकाळी मुलाला एकदा जागा दाखवून आणता येते. माझ्या मैत्रिणीने मुलासाठी तेच केलं. पार्टीच्या दिवशी तो कानावर हेडफोन लावून आला, पण आला, आणि कुठलं यंत्र कुठे आहे हे बाकीच्यांना तोच दाखवत होता.

उंदराची भीती हा वेगळा विषय आहे आणि तो हलका घेऊ नका. चकीचा पोशाख घातलेला माणूस मधूनमधून बाहेर येऊन मुलांबरोबर नाचतो. सहा वर्षांच्या मुलीला ते स्वर्ग वाटतं. दोन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे मात्र अचानक माणसाएवढा उंदीर उभा राहतो. माझा धाकटा आधी एका पार्टीत चकीला पाहून इतका रडला होता की आम्हाला बाहेर गाडीत जाऊन बसावं लागलं होतं. म्हणून या वेळी आम्ही आठवडाभर आधीच सुरुवात केली. कंपनीने चकीची जी गोष्ट रचली आहे, त्यात तो अनाथाश्रमात वाढलेला आहे. स्वतःचा वाढदिवस कधी हे त्याला माहीतच नाही, म्हणून दुसऱ्यांचे वाढदिवस त्याला इतके आवडतात. ही गोष्ट आईने रोज रात्री झोपताना त्याला तिच्या पद्धतीने सांगितली. तिसऱ्या-चौथ्या रात्री त्यानेच विचारलं, "मग त्याला केक कोण देतं?" पार्टीच्या दिवशी चकी आला, तेव्हा तो आजीच्या पदराआडच होता, पण पदराच्या कडेने त्याने हात हलवला. आम्ही तेवढ्यावर थांबलो. फोटोसाठी मुलाला उचलून चकीच्या पुढ्यात नेऊ नका. घरातल्या सगळ्या मोठ्यांना हे आधी सांगून ठेवा, कारण नेणारे बहुधा काका किंवा आजोबाच असतात.

आता खाणं. इथे आपल्या लोकांसाठी सर्वांत जास्त विचार करावा लागतो. बाहेरून केक आणू देतात, बाकी खाणं नाही, म्हणून चिवडा, लाडू, ढोकळा सगळं घरीच ठेवा. बाळाचं खाणं किंवा ॲलर्जी असेल तर मॅनेजरशी आधी बोला. चीज पिझ्झा म्हणजे शाकाहारी, असं आपण धरून चालतो. पण चीज करताना दूध घट्ट व्हायला रेनेट घालतात. ते कधी वासराच्या पोटातून काढलेलं असतं, तर कधी सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं. ज्यांच्या घरी हे पाळतात, त्यांच्यासाठी कंपनीच्या घटकांच्या यादीत आधी बघून ठेवा आणि जे कळेल ते त्यांना सांगा, निर्णय त्यांचा. जैन पाहुणे असतील तर सॉसमधल्या लसणाचं काय हेही आधी विचारा. बटाट्याच्या फ्राइजही बरेच जैन खात नाहीत. त्यांना नुसत्या फळांवर वेळ काढावा लागणार असेल, तर तशी कल्पना द्या, म्हणजे ते घरून जेवून येतील. गेल्या वर्षी आम्ही एका दुसऱ्या ठिकाणच्या पार्टीला गेलो होतो. तिथे एका चिमुरडीच्या पुढ्यात केकची डिश आली आणि तिच्या आईने ती हळूच बाजूला सरकवली, केकमध्ये अंडं होतं. ती मुलगी काही बोलली नाही, नुसती इतरांच्या डिशकडे बघत राहिली. तेव्हापासून आमच्या घरचा प्रत्येक वाढदिवसाचा केक बिनअंड्याचा. एडिसन-आयझेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय बेकऱ्यांत तो सहज मिळतो, फक्त चार-पाच दिवस आधी सांगावं लागतं. नाव लिहून देताना मराठीत लिहून देऊ नका, इंग्रजीत द्या आणि क्रीमवर काढलेलं नाव उचलताना दुकानातच वाचून बघा.

केकबरोबर एक लहान पिशवी वेगळी भरा: मेणबत्त्या, काडेपेटी, केक कापायचा चाकू, ओले वाइप्स, उरलेला केक ठेवायला झाकणाचा डबा, आणि एक जाड मार्कर. हा मार्कर सर्वांत महत्त्वाचा, का ते पुढे येईल. 

औक्षण घरीच करा. आईची फार इच्छा होती की केक कापायच्या आधी नातीला ओवाळायचं, तेही सगळ्या मुलांसमोर. पण शेजारच्या टेबलावर वीस अनोळखी मुलं धावत असताना तुपाचं निरांजन पेटवणं धोक्याचं, आणि तिथे परवानगी मिळेल असंही नाही. म्हणून आम्ही सकाळी साडेआठलाच पाट मांडला. परकर-पोलकं, कपाळाला कुंकू, डोक्यावर अक्षता, सुपारी-अंगठी सगळं यथासांग. फोटो तेव्हाच काढले, उजेडात, कुणाची घाई नसताना. आईला वाटत होतं की खरा वाढदिवस घरीच झाला, आता पुढचा खेळ. मग परकर-पोलकं काढून लेगिंग आणि टी-शर्ट घातला. तिथल्या चढण्या-घसरण्याच्या नळ्यांमध्ये परकर अडकतो, गळ्यातली साखळी अडकते, बांगड्या चेंडू टाकताना आदळतात. केस घट्ट बांधून द्या. ज्याचा वाढदिवस त्याला एका काचेच्या खोलीवजा खोक्यात उभं करतात, आत वाऱ्याने तिकिटं (खेळांत मिळतात आणि शेवटी देऊन बक्षिसं घ्यायची ती) उडतात आणि ती पकडायची असतात. डोळ्यांवर गॉगल चढवतात, म्हणून चष्मा असलेल्या मुलाला आधीच सांगून ठेवा की चष्मा आईकडे द्यायचा. काही शाखांत आता ट्रॅम्पोलिनही आहेत. मोजे सगळ्यांचेच न्या, एक-दोन जोड जास्त न्या.

ज्या आईबाबांचं बालपण इथे अमेरिकेत गेलं, त्यांना अजून एक गोष्ट सांगते. मुलांना "तिथे बोलणाऱ्या बाहुल्यांचा बँड असतो" असं सांगून नेऊ नका. चकी, कोंबडी हेलन, कुत्रा जॅस्पर, जांभळा राक्षस मिस्टर मंच आणि पिझ्झा बनवणारा पास्क्वाली, हा यंत्रावर हलणारा बँड बहुतेक शाखांतून आता गेला आहे. २०१७ पासून नवी मांडणी येत गेली आणि त्या जागी मोठा पडदा आणि दिव्यांची जमीन आली. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजच्या शाखेत तो बँड कायमचा ठेवायचं कंपनीने ठरवलं. माझ्या नवऱ्याचा आतेभाऊ लहानपणी इथेच वाढला. तो आत शिरल्यावर रंगमंच शोधत राहिला, आणि पडदा बघून गप्प उभा राहिला. त्याने आपल्या मुलीला तो बँड दाखवायचा म्हणून महिनाभर वर्णन केलं होतं. पितळी टोकनही गेली, आता सगळं कार्डावर. कागदी तिकिटांच्या लांब माळाही गेल्या. २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असताना कोर्टापुढे गेलेल्या कागदांत सुमारे सात अब्ज न वापरलेली तिकिटं नष्ट करण्याचा विषय होता. मुलांच्या मुठीतल्या त्या माळेची जागा आता कार्डातल्या आकड्याने घेतली आहे.

म्हणूनच मार्कर. सगळी कार्डं एकसारखी दिसतात. आमच्याकडे चौदा मुलं होती आणि मी पहिल्याच पार्टीत ही चूक केली: कार्डं वाटली, नावं घातली नाहीत. वीस मिनिटांत दोन मुलग्यांची कार्डं बदलली. एकाने जमवलेली तिकिटं दुसऱ्याच्या कार्डावर गेली, आणि दोघेही रडले. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं, त्याने खरंच ती मेहनतीने मिळवली होती. या वेळी कार्डं हातात आल्याबरोबर प्रत्येकावर नाव लिहिलं, लहानग्यांची कार्डं त्यांच्या आईकडे दिली. आणि एक लक्षात ठेवा, वेळेचं कार्ड पहिल्या खेळाला लावलं की त्याचं घड्याळ सुरू होतं. आधी खेळ की आधी पिझ्झा, हे कार्डं वाटण्यापूर्वी ठरवा आणि मुलांना सांगा. आम्ही आधी खेळ ठेवला, मधे सगळ्यांना टेबलावर बोलावलं, पिझ्झा, मग केक, मग बक्षिसांचं काउंटर. कार्डाचा वेळ मधे थांबवता येतो का ते काउंटरवर विचारून घ्या.

खेळांपैकी लहान मुलांना काय झेपतं ते एखाद्या मोठ्याने आधी फिरून बघावं. स्की-बॉल मला सर्वांत आवडतो. उतारावरून चेंडू वर सोडायचा आणि तो गोल भोकांत पडला की गुण. एका खेळात बहुधा नऊ चेंडू मिळतात. न्यू जर्सीतल्याच वाइनलँडच्या जोसेफ सिम्पसनने १९०८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे हा आमच्याच राज्यातला खेळ. इथे मला आग्रहाने सांगायचं आहे: आजी-आजोबांसाठी एक कार्ड घ्या. त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशव्या सांभाळायला बसवू नका. दोन तास त्या आवाजात नुसतं बसणं फार जड जातं. ज्यांना कानाचं यंत्र आहे त्यांना ते हळू करून ठेवायला आधीच सांगा, आणि टेबल शक्यतो पडद्यापासून लांबचं मागून घ्या. आईने आधी "नको, नको" केलं. मग पदर खोचला आणि चेंडू घेतला. पहिले दोन उतारावरूनच परत आले. तिसऱ्याला तिने हात खाली नेला, मनगट वळवलं, लहानपणी अंगणात गोट्या खेळायची तसं, आणि चेंडू मधल्या भोकात गेला. "आजी, परत! आजी, परत!" नात टाळ्या वाजवत होती. ती तिकिटं आईने धाकट्याच्या कार्डावर देऊन टाकली.

बक्षिसांच्या काउंटरवर सर्वांत जास्त वेळ जातो, त्यासाठी शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा. आदल्या रात्रीच मुलाशी बोला की तिकिटांत मोठं खेळणं येणार नाही, लहान दोन-तीन वस्तू येतील. गमी किंवा मार्शमेलोसारखी गोळी निवडली तर त्यात बहुतेक वेळा जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. शाकाहारी घरच्या मुलांना त्यांच्या आईला विचारूनच द्या. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती बारीक भागांचं खेळणं जाऊ देऊ नका. ज्यांची तिकिटं फारच कमी झालीत अशी एक-दोन मुलं असतातच. वाढदिवसाच्या मुलाला वाऱ्याच्या खोक्यात मिळालेल्या तिकिटांतली थोडी त्यांना द्यायची का, हे त्याच्याशी आधी घरी बोलून ठेवा. ऐनवेळी सगळ्यांसमोर विचारलं तर त्याच्यावर ओझं येतं. माझ्या लेकीने दोन दिवस विचार केला आणि सांगितलं की हो, पण कुणाला द्यायची ते मी ठरवणार. तिने ठरवलं, आणि बरोबर ठरवलं.

शेवटी शिक्क्याबद्दल सगळ्यांना आधी सांगा. आत जाताना एकत्र आलेल्या प्रत्येकाच्या हातावर सारख्याच आकड्याचा शिक्का मारतात. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. बाहेर पडताना दिव्याखाली हात धरायचा, मुलाचा आणि मोठ्याचा आकडा जुळला तरच सोडतात. त्यामुळे मुलाला आणणारं माणूस आणि नेणारं माणूस एकच असू द्या, आणि हे आमंत्रणातच लिहा. मूल सोडून परत जाणाऱ्या पालकांना थांबायला सांगा, किंवा त्यांच्या मुलासाठी तुमच्यापैकी एकाचं नाव आधी पक्कं करा आणि दोघांचे शिक्के एकत्र मारून घ्या. आजी-आजोबा वेगळ्या गाडीतून येणार असतील तर दारात थांबा, एकत्रच आत जा. आईला मी हे गाडीत समजावलं तेव्हा ती म्हणाली, औंधच्या यात्रेत तिच्या आईने तिच्या हाताला पदराचं टोक बांधून ठेवलं होतं, तसंच की.

निघताना आधी बूट मोजा, मग जॅकेटं, मग डबा, मग मुलं. आम्ही दारापाशी आलो तेव्हा धाकटा खांद्यावर झोपला होता. लेकीने दिव्याखाली हात धरला, आकडा उमटला. मग आईने हात पुढे केला. मनगटावरच्या तिच्या जुन्या हिरव्या गोंदणाशेजारी, सुरकुत्यांवर थोडा वाकडा झालेला, तोच आकडा चमकला. लेकीने दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पुन्हा एकदा वाचला, आणि दारावरच्या मुलीने हसून दार उघडलं.